गाडीचा वॉटर पंप : आवाज ओळखणे आणि पंप बदलणे

इंधन जळून इंजिनात जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण तिसरा हिस्सा शीतकामार्फत रेडिएटरकडे न्यावा लागतो. शीतक फिरवण्याचे हे काम वॉटर पंप करतो. द्रवयांत्रिकीत तुम्ही शिकलेला केंद्रोत्सारी पंप तो हाच. बाहेर पट्ट्याने फिरणारी पुली, आत पात्यांचे चक्र, दोघांना जोडणारा दांडा, त्याला आधार देणारे बेअरिंग आणि शीतक अडवणारे सील, एवढीच त्याची रचना.

पंप घरघरू लागला की दोष बहुधा बेअरिंगचा असतो. पण पुष्कळदा त्याचे मूळ सीलमध्ये सापडते. सील झिजले की शीतक बेअरिंगकडे झिरपते आणि ग्रीस धुऊन नेते. तसे होऊ नये म्हणून पंपाच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. तिथे थेंब किंवा वाळलेल्या शीतकाचे डाग दिसले, तर निदान जवळजवळ झालेच. गळती थांबवायची म्हणून ते छिद्र बुजवणे हा मात्र शुद्ध अडाणीपणा, कारण मग शीतकाला बेअरिंगखेरीज वाटच उरत नाही.

तरीही आवाज पंपाचाच आहे याची खात्री करा. त्याच पट्ट्यावर बहुधा अल्टरनेटरही असतो आणि त्याचे बेअरिंगही असाच आवाज करते. इंजिन थंड व बंद असताना पट्टा काढा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवा, मग पुढे-मागे हलवून पाहा. चांगली पुली गुळगुळीत फिरते. खराब झालेली खरखरते किंवा हिंदकळते.

काही इंजिनांत मात्र पंप टायमिंग बेल्टवर किंवा त्याच्या मागे असतो. तो बेल्ट एक दात जरी चुकीचा बसला तरी इंजिनाचा ताल बिघडतो, आणि चूक मोठी असेल तर काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. तुमच्या गाडीत अशी रचना असेल, तर अनुभवी मेकॅनिक सोबत असल्याशिवाय या कामाला हात घालू नका. पुढचे वर्णन बाहेरच्या पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाचे आहे.

रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. प्रेशर कुकरसारखेच इथेही दाबामुळे द्रवाचा उत्कलनबिंदू वाढलेला असतो. वातावरणापेक्षा सुमारे १ बार जास्त दाब असेल, तर साधे पाणीसुद्धा १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. गरम असताना झाकण काढले की दाब क्षणात उतरतो, द्रव एकदम उकळतो आणि तोंडावर उसळतो. असे भाजणे गंभीर असते.

बॅटरीची ऋण तार सोडवा. शीतक भांड्यात काढून लगेच झाका. त्यातले इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते आणि कुत्री-मांजरे ते चाटतात. पुलीचे बोल्ट पट्टा ताणलेला असतानाच सैल करा, नाहीतर पाना लावला की पुलीच फिरत राहते. पंपाचे बोल्ट अनेकदा कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून ज्याच्या त्याच्या जागी ते खोचून ठेवा.

जुने गास्केट खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडा पडू देऊ नका. नवे गास्केट लावून बोल्ट आलटून-पालटून, समोरासमोरचे, आवळा. किती आवळायचे ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते. समजा तो आकडा १० न्यूटन-मीटर आहे आणि तुमचा पाना २० सेंटिमीटर लांब आहे. तर टोकाला लागणारे बल ५० न्यूटन, म्हणजे जेमतेम ५ किलोचे वजन. जोर लावणारे इथेच आटे घालवतात.

पट्टाही फार ताणू नका, नव्या बेअरिंगवर नाहक भार येतो. शीतक भरताना नळाचे कठीण पाणी टाळा, त्याने आत क्षार साचतात. शेवटी हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, आत अडकलेली हवा निघू द्या. तापमानाच्या काट्यावर लक्ष असू द्या. इंजिन पुन्हा थंड झाल्यावर पातळी तपासा. ती बहुधा थोडी उतरलेली असते.