सुया गळाल्या म्हणजे झाड मेलं का?

मंडळी, मागच्या वेळी आपण 'डोंगरावर धूर आहे, म्हणून अग्नी आहे' हे अनुमान पाहिलं. ते उलटं केलं की फसतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अशा हेतूला व्यभिचारी म्हणतात. आमचीच फजिती ऐका.

आम्ही दोघं मुलीकडे मॅसॅच्युसेट्सला होतो. ऑक्टोबरचे दिवस. अंगणातला व्हाइट पाइन आतून पिवळा पडलेला, खाली सुयांचा थर. झाड गेलं, असं आम्ही ठरवूनच टाकलं. घरावर पडण्याआधी तोडा, म्हणून जावयाच्या मागे लागलो. तोडणारा आला, त्यानं एक फांदी वाकवून दाखवली. टोकाच्या सुया हिरव्यागार! तो करवत न काढताच परत गेला.

आपली चूक 'सदाहरित' या शब्दापासून सुरू होते. सदाहरित म्हणजे पान कधीच गळत नाही, असं नव्हे. सगळी एकदम गळत नाहीत, एवढंच. व्हाइट पाइनच्या सुया पाच-पाचच्या जुडग्यात येतात आणि साधारण दोन हंगाम टिकतात. मग शरदात जुन्या, म्हणजे खोडाकडच्या, सुया पिवळ्या होऊन गळतात. गळण्यापूर्वी झाड त्यांतला बराच नायट्रोजन परत ओढून घेतं. स्प्रूसच्या सुया कितीतरी जास्त वर्षं टिकतात, म्हणून तिथे गळती नजरेत भरत नाही. उलट, लार्च सूचिपर्णी असूनही दर हिवाळ्यात पार उघडा होतो.

मग आजार ओळखायचा कसा? चार प्रश्न विचारू. कुठल्या सुया? आतल्या जुन्या असतील तर काळजी नको. टोकाच्या नव्या असतील तर हवी. कधी? शरदात चालेल; ऐन वसंतात किंवा उन्हाळ्यात नव्या सुया तपकिरी झाल्या तर नाही. कशा? झाडभर सारख्या, की एकाच बाजूनं? रस्त्याकडचीच बाजू करपली असेल, तर हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचा संशय घ्यावा. आणि बाकीचं झाड कसं आहे? शेंडा वाळलाय, खोडातून राळ वाहतेय, नव्या सुया दरवर्षी आखूड होताहेत, असं असेल तर जाणकाराला बोलवावं.

म्हणजे गळती हा एकटा हेतू पुरेसा नाही. जागा, वेळ आणि मांडणी जोडली, तरच अनुमान उभं राहतं. आम्ही पन्नास वर्षं हे वर्गात शिकवलं, आणि अंगणात विसरलो. गळलेल्या सुया मात्र जावयानं बुंध्याशी तशाच राहू दिल्या. त्यांनी मातीतली ओल टिकते.