स्विचवरची अनोळखी जोडणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑफिसच्या स्विचची यादी काढली आणि कागदावरच्या उपकरणांपेक्षा तिथे जास्त नोंदी दिसल्या, की पहिली शंका येते ती कोणी घुसल्याची. मग एक तर घाईघाईने वायर उपटल्या जातात, नाहीतर ‘असेल काहीतरी’ म्हणून विषय सोडून दिला जातो. दोन्हींत नुकसान आहे. उपटलेली वायर हजेरीच्या मशीनची निघाली, तर महिनाअखेरीस कोणाचा तरी पगार अडतो. सोडून दिलेली नोंद खरोखर बाहेरच्या माणसाची निघाली, तर ऑफिसची माहिती जाते. स्विच एकच गोष्ट खात्रीने सांगतो: एखादा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, कोणत्या पोर्टमागे आहे. उपकरण कोणाचं, हे आपल्याला शोधावं लागतं.

गैरसमज १: एका पोर्टवर एकच उपकरण असतं, जास्त पत्ते दिसले की गडबड आहे.

वस्तुस्थिती: येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर पाठवणाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस असतो. तो वाचून स्विच त्या पोर्टपुढे नोंद करतो. पोर्टच्या पलीकडे जितकी उपकरणं बोलतात, तितक्या नोंदी होतात. आयपी फोनमधून पीसी जोडला असेल तर निदान दोन, अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तर त्यावरचे सगळे मोबाइल आणि लॅपटॉप, अपलिंक असेल तर पुढच्या स्विचमागचं सगळं. पीसीवर ब्रिज पद्धतीने चालणारी व्हर्च्युअल मशीन्सही वेगळी दिसतात. ००:५०:५६ ने सुरू होणारे पत्ते व्हीएमवेअरचे, ००:१५:५डी ने सुरू होणारे हायपर-व्हीचे.

शोध टप्प्याटप्प्याने घ्यावा. समजा, मुख्य स्विचवर ‘शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल’ ही कमांड दिली आणि हवा असलेला पत्ता पोर्ट २४ वर दिसला. २४ हा दुसऱ्या मजल्याचा अपलिंक आहे, म्हणजे उपकरण तिथे नाही. दुसऱ्या मजल्याच्या स्विचवर लॉगिन करून तोच पत्ता पुन्हा शोधायचा. तिथे तो पोर्ट ११ वर आहे आणि त्या पोर्टवर दुसरा पत्ता नाही. आता रॅक उघडायचा, ११ मधली पॅच कॉर्ड पॅच पॅनलच्या कोणत्या नंबरात जाते ते बघायचं आणि तो नंबर भिंतीवरच्या आयओवर, म्हणजे नेटवर्क सॉकेटवर, गाठायचा. लेबल पडलं असेल तर केबल टोनर लावायचा. शेवटच्या टोकाला सीसीटीव्हीचा डीव्हीआर, यूपीएसचं नेटवर्क कार्ड, कॉन्फरन्स रूमचा टीव्ही असं काहीतरी सापडतं. शेवटच्या पोर्टवर बरेच पत्ते असतील, तर तिथे कोणीतरी टेबलाखाली ठेवलेला छोटा अनमॅनेज्ड स्विचही असू शकतो.

गैरसमज २: मॅक अ‍ॅड्रेसवरून उपकरण ओळखता येतं.

वस्तुस्थिती: ४८ बिटांच्या या पत्त्यातले पहिले २४ बिट सहसा आयईईई या संस्थेने उत्पादकाला दिलेले असतात. पण तो उत्पादक बऱ्याचदा आतल्या नेटवर्क चिपचा असतो; बाहेरच्या डब्यावर नाव भलत्याच कंपनीचं असतं. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो कारखान्यातून आलेला नसून सॉफ्टवेअरने ठरवलेला असतो. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन वायफायवर असेच पत्ते वापरू लागले. शिवाय मॅक अ‍ॅड्रेस कोणालाही बदलता येतो, म्हणून ओळख पटवायला तो पुरत नाही. त्यासाठी ८०२.१एक्स ही पद्धत आहे.

गैरसमज ३: पिंगला उत्तर आलं नाही, म्हणजे तिथे कोणी नाही.

वस्तुस्थिती: फायरवॉल पिंग अडवू शकतो. एआरपीला मात्र त्याच नेटवर्कमधलं उपकरण सहसा उत्तर देतं. पिंग फसला तरी लगेच ‘एआरपी -ए’ पाहावं. आयपीपुढे मॅक अ‍ॅड्रेस आला असेल, तर तिथे उपकरण आहे.

गैरसमज ४: संगणक बंद असूनही पोर्टचा दिवा चालू आहे, म्हणजे कोणीतरी वापरतंय.

वस्तुस्थिती: वेक-ऑन-लॅनसाठी नेटवर्क कार्डाला थोडी वीज चालू राहते. पोर्टचा वेग १ गिगाबिटवरून १० किंवा १०० मेगाबिटवर उतरलेला दिसला, तर बहुधा हेच कारण असतं.

गैरसमज ५: विचित्र आयपी म्हणजे हॅकर.

वस्तुस्थिती: १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी उपकरण स्वतःच घेतं, डीएचसीपीकडून पत्ता मिळाला नाही की. खरी काळजी वेगळ्या ठिकाणी आहे. घरचा वायफाय राउटर कोणी आणला आणि त्याचा लॅन पोर्ट आयओला जोडला, की तोही पत्ते वाटू लागतो. मग काही संगणकांना भलताच गेटवे मिळतो, इंटरनेट आणि प्रिंटर बंद पडतात. अशा संगणकावर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ देऊन डीएचसीपी सर्व्हरचा आयपी घ्यावा, एआरपीतून त्याचा मॅक काढावा आणि वरच्याच पद्धतीने पोर्ट गाठावा. मॅनेज्ड स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग नीट लावलं असेल, तर हा प्रकार मुळातच अडतो.

गैरसमज ६: यादीतली नोंद पुसली की जोडणी तुटते.

वस्तुस्थिती: पुढची फ्रेम आली की नोंद पुन्हा हजर होते. उपकरण गप्प बसलं तर ती आपोआपही जाते. सिस्को स्विचवर ही मुदत मुळात ३०० सेकंद असते. म्हणून नोंद दिसताच वेळ, पत्ता, पोर्ट आणि व्हीलॅन लिहून घ्यावं. जोडणी तोडायची तर पोर्टच बंद करावा लागतो. अनधिकृत प्रवेशाचा प्रकार निघाला, तर सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावं लागतं आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. लिहून ठेवलेल्या नोंदी तेव्हाच उपयोगी पडतात.

या सगळ्यासाठी खर्चिक सॉफ्टवेअरआधी एक साधी वही किंवा एक्सेलची शीट लागते: पोर्ट, आयओ नंबर, उपकरण, जबाबदार व्यक्ती. न वापरलेले पोर्ट बंद ठेवावेत आणि नवं उपकरण आधी वहीत लिहून मगच जोडावं. ही शिस्त पाळणाऱ्या ऑफिसात अनोळखी नोंद लगेच उठून दिसते आणि तिचा माग तासाभरात लागू शकतो.