चावी कोणाच्या खिशात?

मुंबई-नाशिक महामार्गाला भिवंडीच्या आसपास गोदामांच्या रांगा लागतात. आपण घरबसल्या मागवलेली वस्तू पुष्कळदा इथूनच निघते. आत माल वाहतात कन्व्हेयरचे पट्टे आणि फोर्कलिफ्ट. ती बिघडली की फिटरला बोलावणे जाते. मी कवितेचा माणूस; पण आमच्या मोहल्ल्यात फिटर बरेच, आणि त्यांतल्या काहींची बोटे मोजली तर दहा भरत नाहीत.

यंत्र चालते तेव्हा त्याला जाळी असते. दुरुस्तीत आधी तीच काढावी लागते, म्हणजे उघडे यंत्र नेमके फिटरच्या वाट्याला येते. पट्टा लांबलचक. फिटर एका टोकाला रोलरशी वाकलेला. दुसऱ्या टोकाच्या माणसाला तो दिसतही नाही. पट्टा का थांबला, म्हणून तो बटण दाबतो. हेतू कोणाचाच वाईट नसतो.

यावर उपाय साधा आहे. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचे, नावाची पाटी अडकवायची. चावी मुकादमाकडे नव्हे, तर ज्याचा हात यंत्रात आहे त्याच्या खिशात. तिघे काम करत असतील तर कुलपेही तीन. मग बटण दाबून यंत्र खरेच मेले आहे ना, हे पाहायचे. अमेरिकेने १९८९ मध्ये याचा नियमच केला. कुलूप महाग नसते हो. पण गाड्या दारात खोळंबलेल्या असतात.

फोर्कलिफ्टचे दुखणे वेगळे. इंजिन बंद केले तरी तेलातला दाब राहतो. म्हणून फोर्क आधी जमिनीला टेकवावेत. नुसत्या वर उचललेल्या फोर्कखाली डोके घालू नये. नळीला बारीक भोक पडले असेल तर बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावे. तेलाची ती धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी, सुरुवातीला दुखतही नाही फारसे. माणूस हळद लावून घरी जातो. आत तेल पसरत राहते, आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला तर बोट गमवावे लागते, कधी हातही. इस्पितळात ‘काहीतरी टोचले’ म्हणू नका. ‘दाबाचे तेल शिरले’ असे स्पष्ट सांगा.

चालत्या यंत्रापाशी तालीम घेतलेला, अंगाबरोबर कपडे घातलेला माणूसच जावा, असे १९४८चा कारखाना कायदा सांगत असे. गंमत म्हणजे त्या कायद्याने शीतगृहातली साठवण हे कारखान्याचे काम मानले होते, साध्या गोदामातली नाही. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी संहिता आली आहे. फिटर मात्र पुष्कळदा ठेकेदाराचा असतो, सकाळी या गोदामात तर दुपारी त्या. त्याच्या पिशवीत पान्यांबरोबर त्याचे स्वतःचे कुलूप आहे का, हे गोदामवाल्याने त्याला फाटकावरच विचारावे. नसेल तर आपले द्यावे, चावीसकट.