थरथरणारी रेघ

‘द स्नोमॅन’ हा कार्टूनपट एकदा मध्येच थांबवत, अडवत पाहावा. घरात सगळे झोपलेत, त्यातला छोटा जेम्स नुसता उभा आहे, तरी त्याच्या गाऊनचा रंग जागच्या जागी सळसळतो. कारण सरळ आहे. एका चित्रातल्या पेन्सिलीच्या फराट्या पुढच्या चित्रात जशाच्या तशा उतरत नाहीत. हात माणसाचा.

सपाट रंग भरला असता तर ही हालचाल दिसलीच नसती. कार्टूनपटांची नेहमीची रीत तीच होती: ‘सेल’ नावाच्या पारदर्शक पटलावर रेघ, मागून एकसारखा रंग. पण रेमंड ब्रिग्ज यांचं 1978 चं मूळ पुस्तक रंगीत पेन्सिलींनी काढलेलं, आणि त्यात एकही शब्द नाही. तो मऊ, दाणेदार पोत गेला तर उरणार काय? म्हणून लंडनच्या टीव्हीसी स्टुडिओत दिग्दर्शिका डायॅन जॅक्सन यांच्या चमूने सेलवरच खडू आणि पेस्टल चालवले, पार्श्वभूमीही त्याच साधनांनी रंगवली. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम सरकतात. एक चित्र दोन फ्रेम पुरवलं तरी सेकंदाला 12 चित्रं. सिनेमा 26 मिनिटांचा. हिशेब वाचकांनीच करावा, माझी तर बोटंच दुखू लागतात.

याच स्टुडिओने 1968 साली बीटल्सचा ‘यलो सबमरीन’ केला होता, भडक आणि धीट रंगांचा. तिथून ही कुजबुज!

‘चॅनल 4’ने 26 डिसेंबर 1982 ला सिनेमा दाखवला आणि तो ब्रिटनच्या नाताळचा भागच होऊन बसला. गंमत म्हणजे पुस्तकात नाताळ नाहीच. तिथे मुलगा आणि त्याने बनवलेला, जिवंत झालेला बर्फाचा माणूस उडत ब्राइटनपर्यंत जातात. उत्तर ध्रुव, नाताळबाबा, मोटरसायकलची रपेट ही भर सिनेमाची. हॉवर्ड ब्लेक यांचं उड्डाणाचं गाणं पीटर ऑटी या मुलाने गायलं. श्रेयनामावलीत त्याचं नावच नव्हतं. पुढे ॲलेड जोन्सने म्हटलेली आवृत्ती इतकी गाजली की मूळ आवाजही त्याचाच, असं लोक धरून चालले.

मला मात्र नाताळबाबापेक्षा घरातले प्रसंग मोठे वाटतात. संत्र्याच्या नाकाचा हा बर्फाचा पाहुणा वडिलांची कवळी तोंडात घालून पाहतो, डीप फ्रीझरमध्ये सुखाने आडवा होतो. दिवा, चूल, गरम पाणी, आपल्याला ऊब देणारं सगळं त्याच्या जिवावर उठलेलं. शेवट तिथेच ठरलेला असतो.

आणि तो शेवट दिग्दर्शिकेने गोड केला नाही. गेलेली माणसं परत येत नाहीत, हे ब्रिग्ज यांना ठाऊक होतं: त्यांचे आईवडील 1971 मध्ये गेले, 1973 मध्ये पत्नी. त्यांच्या पुस्तकात वितळलेला माणूस परत येत नाही, सिनेमातही येत नाही. सकाळी अंगणात उरते टोपी, मफलर, बर्फाचा लगदा. जेम्स खिशात हात घालतो, तर नाताळबाबाने दिलेला मफलर हाताला लागतो. तो गुडघे टेकतो.