स्टॉकफिश की सर? बुद्धिबळ शिकताना कोणाचं ऐकायचं

पावणे एमआयडीसीतून, म्हणजे मागे ठाणे-बेलापूर रोडवरच्या ट्रकांचे हॉर्न वाजत असताना रेकॉर्ड केलेल्या भागाचं हे शब्दांकन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं त्यांच्यासाठी, थोडं आवरून-सावरून.

२८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून सोसायटीतले आईबाबा एकच प्रश्न विचारतात: मुलांना क्लास लावू, की अ‍ॅपवर भागेल? प्रश्न पैशांचा आहेच. पण मूल या खेळात टिकेल की दोन वर्षांत कंटाळून पट माळ्यावर जाईल, हेही त्यावर ठरतं.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून आधी मशीनची बाजू.

स्टॉकफिशसारखं इंजिन नेमकं काय करतं? समोरच्या स्थितीतून पुढे शक्य असलेल्या चालींचं एक मोठं झाड उभं करतं. निरुपयोगी फांद्या छाटत छाटत खोल जातं आणि टोकाच्या स्थितीला एक आकडा देतं. +१.५ दिसलं तर ढोबळमानाने पांढऱ्याकडे दीड प्याद्याइतकी आघाडी. हा आकडा काढायला २०२० पासून स्टॉकफिशमध्ये एक लहानसं न्यूरल नेटवर्कही आहे. १९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवायला आयबीएमला डीप ब्लू नावाचा खास सुपरकॉम्प्युटर बांधावा लागला होता. आज त्याहून सरस खेळाडू तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि तोही फुकट!

ही गोष्ट छोटी नाही. १९७४ ला बंगळूरमध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. त्या पिढीला एखादा डाव तपासायचा तर पुस्तक किंवा जाणकार माणूस शोधावा लागायचा. आज तालुक्याच्या गावातल्या मुलीला लिचेसवर रात्री अकरालाही प्रतिस्पर्धी मिळतो, आणि डाव संपला की लगेच चुकाही दिसतात. कोडी तिच्या रेटिंगप्रमाणे सोपी-अवघड होतात. एका बॅचला वीस मुलं घेणाऱ्या सरांना प्रत्येकाच्या मापाचा सराव रोज देणं जमणार नाही.

मग अडतं कुठे?

पहिलं म्हणजे, इंजिन उत्तर देतं, कारण देत नाही. तुमची चाल चुकली, उंट अमुक घरात हवा होता, एवढं ते सांगेल. पण तुम्ही ती चाल *का* खेळलात हे त्याला माहीत नसतं. घाई झाली? समोरच्याचा घोडा दिसलाच नाही? की वजीर जाईल या भीतीने मागे सरलात? पटावर तिन्ही चुका सारख्याच दिसतात, उपाय मात्र तीन वेगळे. चांगले सर आधी विचारतात, "काय विचार केला होतास?" आणि त्या उत्तरात खरी चूक सापडते.

दुसरं, कोडं समोर आलं की मुलाला आधीच कळतं की इथे काहीतरी दडलंय. खऱ्या डावात तशी घंटा कोणी वाजवत नाही. म्हणून कोड्यांचं रेटिंग भराभर वाढतं आणि स्पर्धेतला निकाल तिथेच राहतो.

तिसरं, आकडा माणसाचा त्रास मोजत नाही. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा शेवटचा डाव. इंजिनाच्या लेखी बरोबरी. पण गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं आणि तो रेटत राहिला. थकलेल्या डिंग लिरेनने ५५ व्या चालीला हत्ती चुकीच्या घरात नेला आणि विजेतेपद गेलं. "बरोबरी आहे" आणि "बरोबरी राखणं सोपं आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. हा फरक माणूसच शिकवतो.

त्याच गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी सुरुवातीची बरीच वर्षं इंजिनापासून लांब ठेवलं होतं, आधी स्वतः गणित करायची सवय लागावी म्हणून. पुढे जगज्जेतेपदाच्या तयारीत इंजिन आलंच, पण सोबत मनाच्या तयारीसाठी पॅडी अप्टनही होते. आणि दिव्याने जिंकल्यावर कोणाची आठवण काढली? तिचे पहिले प्रशिक्षक, दिवंगत राहुल जोशी यांची.

म्हणजे सर नेहमीच भारी का? नाही हो. ओपनिंगच्या चाली पाठ करून घेणारा आणि हरल्यावर ओरडणारा क्लास असेल, तर त्यापेक्षा अ‍ॅप परवडलं. डेमो लेक्चरला एकच गोष्ट बघा: सर मुलांना प्रश्न विचारतात, की नुसती उत्तरं सांगतात? नुसती उत्तरंच हवी असतील तर स्टॉकफिश जास्त अचूक आहे.

खिसा बघून माझा सल्ला असा. नियम आणि साधी मात शिकायला अ‍ॅप पुरे. मूल स्पर्धा खेळायला लागलं की महिन्यातून दोनदा का होईना, त्याचे हरलेले डाव बघणारा माणूस शोधा. रोजचा क्लास परवडत नसेल तर मोठ्या वयाचा, बऱ्यापैकी खेळणारा शेजारीही चालेल.

आणि क्रम पाळा. डाव संपला की लगेच इंजिन लावायचं नाही. आधी वहीत तीन जागा लिहायच्या, जिथे आपण गोंधळलो, आणि तेव्हा डोक्यात काय होतं तेही. मग ती वही सरांसमोर. इंजिन सगळ्यात शेवटी, दोघांचंही तपासायला. आज रात्री एखादा डाव हराल, तेव्हा वही आधी उघडा.