जुन्या मोटारीची कमान

आमच्या घरीं एक मोटार आहे. कैलासवासी तीर्थरूपांनीं ती १९६८ सालीं घेतली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार झालेली ‘फियाट ११०० डिलाइट’. हीच जात पुढें ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें घरोघर परिचित झाली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील तिच्या टॅक्सीनें ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटचा निरोप घेतला. तीर्थरूपांच्या मागें थोरल्या बंधूंनीं गाडी सांभाळली. तेही गेले, आणि गाडी अंगणांत उभी राहिली. यंदा बंधूंच्या चिरंजीवांनीं ती पुन्हा चालती करण्याचें मनावर घेतलें. पन्नास वर्षांवरील खासगी गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणीची सोय सरकारनें २०२१ सालीं केली, तेव्हां त्याचा उत्साह अनाठायीं नव्हता.

गाडीची मागची डावी बाजू खचली होती. खालीं डोकावून पाहिलें तों कमानीचा मुख्य पाटा एका टोकाशीं तडकलेला दिसला. तो बदलणें प्राप्त होतें.

एका रविवारीं सकाळीं मी पूजा आटोपून बाहेर आलों, तों चिरंजीव गाडीखालीं शिरण्याच्या बेतांत. मागची बाजू एकाच जॅकवर उचललेली, आणि उंची पुरेना म्हणून जॅकखालीं दोन विटा! मीं त्याला दंडाला धरून मागें ओढलें.

“काका, दहा मिनिटांचें तर काम आहे,” तो म्हणाला.

“बाळ, वीट फुटायला एक क्षण पुरतो,” मीं म्हटलें.

हें मी पुस्तकांतलें बोलत नव्हतों. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं रस्त्याकडेच्या एका गॅरेजांत याच गाडीचें काम चाललें असतां विटांवरचा जॅक माझ्यादेखत कलंडला. खालीं काम करणारा पोऱ्या त्याच घटकेस पाणी प्यावयास उठला होता, म्हणून वांचला. विटा मलाही दिसत होत्या. मी शिक्षक, रोज चाळीस मुलांना शहाणपण सांगणारा. पण त्या परक्या पोराकरितां माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. तें मौन मला अद्याप टोंचतें.

त्या दिवशीं काम बंद ठेविलें. पुढच्या रविवारीं एका वयोवृद्ध मिस्त्रींना सन्मानानें घरीं बोलाविलें. त्यांनीं जें दाखविलें, तें ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी आहे त्यांच्यासाठीं येथें क्रमानें देतों.

प्रथम कमान म्हणजे काय तें पाहूं. एकाखालीं एक रचलेल्या, उत्तरोत्तर आंखूड होत जाणाऱ्या पोलादी पाट्यांची ही जुडी. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांस गुंडाळून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा गाडीच्या तळाशीं बोल्टानें जखडलेला, मागचा ‘शॅकल’ नांवाच्या झुलत्या दुव्याला अडकविलेला. असें कां? तर भार पडला कीं कमान सपाट होते आणि तिच्या टोकांमधलें अंतर वाढतें. त्या वाढीला वाव हवा. सर्व पाट्यांच्या मधून एक सेंटर बोल्ट जातो. त्याचें डोकें आंसाच्या बैठकीवरील भोकांत बसतें, आणि यू-बोल्ट कमान व आंस यांना एकत्र आवळून धरतात.

अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहांत’ संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वांकविलेली वस्तु ज्यामुळें पूर्वस्थितीस येते तो स्थितिस्थापक. जितका ताण तितकें बळ, हा त्याच गुणाचा नियम रॉबर्ट हूकनें १६७८ सालीं मांडला. आणि १८०४ सालीं ओबाडाया इलियटनें लंडनमध्यें घोडागाडीच्या कमानींचें पेटंट घेतलें. ज्या गुणामुळें कमान सुख देते त्याच गुणामुळें ती घातही करते. दाबून ठेवलेलें बळ ती विसरत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति. गाडी समतल, टणक जमिनीवर घ्यावी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी माराव्या. हँडब्रेकवर विसंबूं नये. तो पुढच्या चाकांना धरीत नाहीं, आणि मागचीं चाकें तर अधांतरीं असणार. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतांनाच किंचित् सैल करावे. नंतर जॅकनें मागची बाजू उचलून, कमानींच्या पुढच्या जोडांच्या पुढें, तळाच्या भक्कम भागाखालीं दोन लोखंडी घोड्या लावाव्या आणि गाडी हळूच त्यांवर टेंकवावी. मग हातानें हलवून पाहावी. डगमगली तर पुन्हा पहिल्यापासून! काढलेलें चाकही गाडीखालीं आडवें सरकवून ठेवावें; दैवयोगानें घोडी सरकलीच तर तेवढीच पोकळी उरते. मिस्त्रींचें एक वाक्य चिरंजीवांनीं वहींत उतरून घेतलें: जॅक उचलण्यासाठीं असतो, तोलून धरण्यासाठीं नव्हे.

यानंतर जॅक आंसाखालीं घ्यावा, तो आंसाचा भार सांवरण्यापुरताच. कारण शॉक-ॲब्सॉर्बर सोडला कीं आंस खालीं येतो, आणि त्याचें ओझें ब्रेकच्या रबरी नळीवर पडतां कामा नये. काम एका वेळीं एकाच बाजूचें करावें. दुसरी कमान आंसाला जागेवर धरून ठेवते. गंजलेल्या नटांना आदल्या रात्रींच तेल सोडावें. गॅसची ज्योत मात्र लावूं नये. जवळ पेट्रोल असतें. गंजाचे कपटे डोळ्यांत जाऊं नयेत म्हणून चष्मा हवाच. प्रथम यू-बोल्ट काढावे, मग शॅकल, शेवटीं पुढचा बोल्ट. कमान जड असते. उतरवितांना दोघे असावे.

उतरविलेली जुडी पाहून चिरंजीव सेंटर बोल्टाला पाना लावणार, तोंच मिस्त्री ओरडले, “थांबा!” पाटे एकमेकांवर दाबून बसविलेले असतात, बोल्ट निघतांच ते उसळतात. जुडी शिकंज्यांत घट्ट धरल्यावांचून तो बोल्ट कोणींही सोडूं नये. शिवाय एकच बाजू नवी केली तर गाडी कलती राहते, म्हणून दोन्ही कमानी जोडीनें बदलाव्या. खचलेल्या कमानींत एक जादा पाटा ठोकण्याची चाल आहे. तिनें गाडी उंच दिसते खरी, परंतु धक्के कठीण बसतात.

बसवितांना बुश व यू-बोल्ट नवे घ्यावे; एकदां ताणलेला यू-बोल्ट पुन्हा विश्वासाचा राहत नाहीं. पुढचा डोळा आधीं, शॅकल मागाहून, आणि नट हातानें फिरतील इतकेच. मग आंस जॅकनें सावकाश वर-खालीं करून सेंटर बोल्टाचें डोकें बैठकीच्या भोकांत बसवावें. तें बसलें कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. बोट घालून चांचपूं नये. यू-बोल्टांचे नट आळीपाळीनें, तिरपे, कारखान्याच्या पुस्तिकेंतील मापाप्रमाणें आवळावे. डोळ्यांचे व शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून, तिचा भार कमानींवर आल्यावरच पक्के करावे; अधांतरीं आवळल्यास बुशाचें रबर कायमचें पिळलेलें राहतें व लौकर फाटतें. शेवटीं दोन्ही बाजूंस पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर मोजावें. तें सारखें भरलें तर आंस सरळ बसला. शे-दोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा एकदां तपासावे.

दहा मिनिटांच्या कामाला सबंध रविवार लागला. सायंकाळीं वहिनींना मागच्या बैठकीवर बसवून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणलें. वाटेंत त्या कांहीं बोलल्या नाहींत. उतरतांना एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, हे असते तर आज गाडी त्यांनींच चालविली असती.” चिरंजीवांनीं मान वळवून डोळे पुसले.

त्या दोन लोखंडी घोड्या आतां आमच्या जिन्याखालीं असतात. आळींतील कोणालाही त्या मिळतात, भाडें नाहीं. आणि फिरावयास जातांना कोठें विटांवर उचललेली गाडी दिसली, तर मी थांबतों व बोलतों. कोणी हंसतात, कोणी रागावतात. माझें कांहीं जात नाहीं.