कपाट तापते, माल मात्र ओलाच!
'ट्रे ड्रायर'मधील नेहमीचे बिघाड आणि ते ओळखण्याची रीत

प्रतिनिधी

कांद्याच्या चकत्या, आले, हळद, शेवग्याचा पाला असे पदार्थ वाळवण्यासाठी राज्यातील लघुउद्योगांत 'ट्रे ड्रायर' अर्थात वाळवणीचे कपाट वापरले जाते. केंद्र सरकारने 2020 मध्ये सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून अनुदान मिळू लागल्यानंतर अनेक बचतगटांनीही अशी यंत्रे घेतली. हीटर, पंखा, ट्रे आणि तापमान नियंत्रक एवढाच या यंत्राचा संसार. तरीही एखादा बिघाड वेळीच लक्षात आला नाही, तर एका रात्रीत शंभर किलो माल वाया जाऊ शकतो.

माल वाळेनासा झाला की बहुतेक ठिकाणी सर्वप्रथम तापमान वाढवले जाते. हाच उपाय अनेकदा अंगाशी येतो. तापमान अवाजवी वाढल्यास चकतीचा वरचा थर झटपट कडक होतो आणि आतील पाण्याला बाहेर पडण्याची वाट उरत नाही. असा माल हाताला कोरडा लागतो. पण पिशवीत भरल्यावर आतील ओल पसरते आणि बुरशी धरते. म्हणूनच तापमानाला हात लावण्यापूर्वी दोष उष्णतेत आहे की हवेत, हे ठरवणे आवश्यक असते.

तापमान गाठलेच जात नसेल तर

नियंत्रकावर 60 अंश ठरवले असताना आकडा 45 वरच अडकत असेल, तर दोष बहुधा हीटरमध्ये असतो. 12 किलोवॉटचे थ्री फेज हीटर नीट चालू असल्यास प्रत्येक फेजवर साधारण 17 अँपिअर प्रवाह दिसतो. इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटरने तो तपासून घ्यावा. एखादा फेज गेला असेल, तर जोडणीच्या प्रकारानुसार एक तृतीयांश ते निम्मी उष्णता कमी होते. फ्यूज, सैल झालेले टर्मिनल, कॉन्टॅक्टरचे जळालेले पॉइंट आणि शेवटी हीटर, या क्रमाने तपासणी करावी. हीटर ठीक असतील, तर दाराचे गॅस्केट पाहावे. कपाट थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज ओढून निघाली, तर त्या जागी गरम हवा गळते आहे असे समजावे.

कधी कधी यंत्राकडून अपेक्षाच अवास्तव असते. 60 अंशांच्या आसपास एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे 0.65 युनिट वीज लागते. शंभर किलो चिरलेल्या कांद्यातून 85 किलो पाणी काढायचे, तर किमान 55 युनिट हवेतच. म्हणजे 12 किलोवॉटच्या कपाटात जराही उष्णता वाया गेली नाही, तरी साडेचार तासांपेक्षा अधिक वेळ लागणार. प्रत्यक्षात याहून बराच जास्त लागतो.

तापमान योग्य, तरी माल ओला

ही सर्वांत अधिक आढळणारी तक्रार असून तिचे मूळ हवेत असते. वीज वाचवण्यासाठी एक्झॉस्टचा डॅम्पर बंद ठेवला, की तीच दमट हवा आत फिरत राहते. दाराच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब दिसणे ही त्याची खूण. सुरुवातीला डॅम्पर अधिक उघडा ठेवून माल वाळत जाईल तसा कमी करावा.

पावसाळ्याला दोष देण्याची पद्धत आहे. परंतु तो फारसा खरा नाही. 27 अंशांची, 85 टक्के आर्द्रतेची हवा 60 अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे 15 टक्क्यांवर येते. अशी हवा भरपूर पाणी उचलू शकते. मात्र ती बाहेर पडली पाहिजे. पावसाळ्यात खरी घाई करायची ती माल काढल्यानंतर. उघड्यावर राहिलेला वाळका माल पुन्हा ओल धरतो. त्यामुळे तो निवताच हवाबंद करावा.

डॅम्पर ठीक असल्यास पंखा पाहावा. वायरिंगचे काम झाल्यानंतर दोन फेजची अदलाबदल झाली, तर मोटार उलटी फिरते. पंखा फिरताना दिसतो, पण पुरेशी हवा फेकत नाही. फिरण्याची दिशा मोटारीवरील बाणाशी ताडून पाहावी. पट्टा सैल होणे, पात्यांवर भुकटी साचणे हीही नेहमीची कारणे.

वरचे ट्रे वाळलेले आणि खालचे ओले असल्यास दोष हवेच्या वाटपात असतो. ट्रेवरील थर जाड झाला आहे का, ट्रे हवेच्या झडपांना टेकले आहेत का, हे पाहावे. थर पातळ करावा व मधूनमधून ट्रेची जागा बदलावी.

आकडा खोटा असू शकतो

नियंत्रकावरील आकडा म्हणजे संवेदकाच्या टोकापाशी असलेले तापमान. संवेदक जागेवरून निसटला असेल, तर आकडा फसवा ठरतो. त्याचे टोक बर्फाचा चुरा घातलेल्या पाण्यात शून्य अंश दाखवते का, हे पाहावे. उकळत्या पाण्यात मुंबईत सुमारे 100, तर उंचीमुळे पुण्यात सुमारे 98 अंश दिसायला हवेत.

तापमान ठरवल्यापेक्षा वाढतच गेले, तर मात्र यंत्र तत्काळ बंद करावे. कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले, की नियंत्रकाने आदेश देऊनही हीटर बंद होत नाही. त्यासाठी नियंत्रकाहून वेगळा, स्वतंत्र सुरक्षा थर्मोस्टॅट असणे अत्यावश्यक आहे. तो वारंवार यंत्र बंद पाडतो म्हणून जोडणीतून काढून टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण. तसेच टोल्युइन, अ‍ॅसिटोन यांसारख्या द्रावकाने ओला असलेला माल साध्या कपाटात कधीही ठेवू नये. हवेत टोल्युइनच्या वाफेचे प्रमाण एक टक्क्याच्या थोडे वर गेले, तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

महिनोन्‌महिने बंद असलेले कपाट पावसाळ्यानंतर सुरू करताच गळती-संरक्षक स्विच पडत असेल, तर हीटरमधील भुकटीने ओल धरलेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी स्विच वगळून यंत्र चालवू नये. मेगरने रोधकता मोजून घ्यावी आणि हीटर जाणकाराकडून वाळवून किंवा बदलून घ्यावेत. पॅनेल उघडण्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद करणे हा नियम कोणीही मोडू नये.

प्रत्येक खेपेला मालाचे आधीचे व नंतरचे वजन, लागलेला वेळ आणि वापरलेले युनिट वहीत नोंदवावेत. नेहमी आठ तासांत वाळणारा माल दहा तास घेऊ लागला, की बिघाड सुरू झाला असे समजावे. माल खराब होण्यापूर्वी तो पकडणे मग कठीण जात नाही.